बंब पेटलेला, घर मात्र गार

— तृतीय वर्ष कला (तर्कशास्त्र)

निफाडला थंडीची लाट आली की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात द्राक्षबागांतून पेटवलेल्या शेकोट्यांची छायाचित्रे येतात, आणि पारा पाच अंशांपर्यंत उतरल्याचे वाचून आपण चहाचा कप दोन्ही हातांत घट्ट धरतो. मध्य स्वीडनमध्ये जानेवारीतल्या रात्री पारा शून्याच्या खाली वीस अंश गेला तरी त्याची बातमी होत नाही. उलट अशाच दिवसांत तिकडची पुष्कळ माणसे बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी बाहेर पडतात, आणि त्यांतली काही आपले घरच बरोबर घेऊन निघतात. या घराला मोटरहोम म्हणतात. आपण मोटारघर म्हणू. टेम्पोएवढ्या किंवा थोड्या मोठ्या गाडीवर बांधलेली एक खोली, तीत निजायची सोय, ओटा, न्हाणीघर आणि चार माणसांना पुरेल असे टेबल. भिंतींची जाडी तीन-चार सेंटिमीटर. आत बावीस अंश, बाहेर उणे वीस, आणि मधे एवढीशी भिंत. अशा घरातली उष्णतेची व्यवस्था रात्री दोन वाजता बंद पडली तर काय करायचे, हा या लेखाचा विषय आहे.

असला लेख तंत्रनिकेतनाच्या अंकात शोभला असता, असे कोणी म्हणेल. माझे म्हणणे वेगळे आहे. त्या रात्री उपयोगी पडतो तो पाना-पक्कड नंतर. आधी उपयोगी पडते ती आपल्या वर्गात दुपारच्या तिसऱ्या तासाला शिकवली जाणारी आणि पेंगत ऐकली जाणारी कारणमीमांसा. ती तिथे कशी कामाला येते हे दाखवायचे असल्याने आधी यंत्राची ओळख करून देते.

ज्यांच्या आजोळी तांब्याचा बंब होता त्यांना ही ओळख जड जाणार नाही. बंबाच्या मधोमध एक उभी नळी, तीत ढलप्या आणि कोळसे पेटलेले, नळीच्या भोवती पाणी, खाली तोटी. वरून तांब्याभर गार पाणी ओतले की तोटीतून तेवढेच कढत पाणी बाहेर यायचे. युरोपातल्या मोटारघरांत स्वीडनच्या आल्डे या कंपनीचे बॉयलर पुष्कळ ठिकाणी दिसतात. त्यांची रचना म्हणजे बंबाच्या पोटात बंब. सगळ्यांत आतल्या नळकांड्यात गॅसची ज्योत, तिच्याभोवतीच्या दुसऱ्या नळकांड्यात घर तापवणारा द्रव, आणि त्याच्याही भोवती तिसऱ्यात आंघोळीचे व भांड्यांचे आठ-साडेआठ लिटर पाणी. ज्योतीऐवजी विजेच्या कांड्यांनीही तोच द्रव तापवता येतो. गॅसवर साधारण साडेपाच किलोवॉट, विजेवर तीन किलोवॉटपर्यंत शक्ती मिळते. अमेरिकेतल्या बसएवढ्या मोटारघरांत हेच काम डिझेलवर चालणारे मोठे बॉयलर करतात, तत्त्व एकच.

द्रव तापला की बारा व्होल्टचा एक लहानसा पंप त्याला नळ्यांतून ढकलतो. या नळ्या भिंतींच्या कडेकडेने, बाकांच्या आणि पलंगांच्या मागून जातात. ठिकठिकाणी त्यांना पातळ पत्र्याच्या पंखड्या लावलेले रेडिएटर जोडलेले असतात. बाकाखालून गार हवा आत शिरते, रेडिएटरवर तापते, हलकी होते, पाठीमागच्या फटीतून वर चढते आणि खिडकीखाली बाहेर पडते. द्रव गार होऊन बॉयलरकडे परततो. तापलेला द्रव फुगतो, त्याला जागा हवी म्हणून एखाद्या कपाटात उंचावर एक छोटी टाकी ठेवलेली असते. खोलीत एक थर्मोस्टॅट असतो. खोली हवी तेवढी ऊबदार झाली की तो पंप थांबवतो. पंखा नाही, घरघर नाही, तोंडावर येणारा झोत नाही. गरम हवा फुंकणाऱ्या दुसऱ्या पद्धतीपेक्षा ही महाग आणि वजनाला जड, पण हिवाळ्यात राहणारे लोक हीच पसंत करतात.

आता बिघाडाकडे वळू. या व्यवस्थेत उष्णता हा एक प्रवासी आहे. तो गॅसच्या बाटलीतून किंवा विजेच्या खांबावरून निघतो, बंबात द्रवावर स्वार होतो, पंपाने ढकलला जातो, नळीतून रेडिएटरपाशी पोचतो, तिथे द्रव सोडून हवेत चढतो आणि शेवटी माणसाच्या गार पडलेल्या पायांपाशी उतरतो. पुण्याहून कोल्हापूरला निघालेली एस.टी. वेळेवर पोचली नाही तर शहाणा माणूस आधी साताऱ्याला फोन करून विचारतो, गाडी इथून गेली का? गेली असेल तर खंबाटकीच्या घाटात शोध घेण्याचे कारण उरत नाही. गेली नसेल तर कराडला विचारण्यात अर्थ नाही. मधल्या एकाच प्रश्नाने अर्धा रस्ता निर्दोष सुटतो. मोटारघरातला सातारा कोणता, हे ओळखले की निम्मे काम झाले.

माझा एक मावसभाऊ नोकरीनिमित्त स्वीडनमध्ये असतो. काही वर्षांपूर्वी त्याने एक जुने मोटारघर विकत घेतले. जानेवारीत तो, वहिनी आणि चार वर्षांची मुलगी ओस्टरसुंड ओलांडून नॉर्वेच्या वाटेवर एका उघड्या तळावर मुक्कामाला होती. बाहेर उणे बावीस. रात्री दोनच्या सुमारास मुलगी कुडकुडून उठली तेव्हा आत नऊ अंश उरले होते. भिंतीवरच्या तक्त्यावर बिघाडाची कोणतीही खूण नव्हती. थर्मोस्टॅट एकवीसवर लावलेला जसाच्या तसा. "बॉयलरच गेला," असे म्हणून दादा अवजारांची पेटी काढायला उठला. वहिनी मुलीसाठी रबरी पिशवीत पाणी भरत होती. ती म्हणाली, "अरे, पण नळाला कढत पाणी येतंय. आत्ताच हात पोळला माझा. बॉयलर गेला असता तर हे कुठून आलं असतं?"

या एका प्रश्नात किती काम झाले पाहा. नळाचे पाणी आणि रेडिएटरचा द्रव एकाच बंबात, एकाच ज्योतीवर तापतात. नळाला पाणी कढत आहे, त्या अर्थी गॅस आहे, ठिणगी पडते आहे, ज्योत जळते आहे, धुराडे मोकळे आहे, ज्योतीवर नजर ठेवणारी विद्युत्-यंत्रणाही ठीक आहे. पाच संशयित एका वाक्यात सुटले. उरले काय? पंप, नळ्यांतली हवा, आणि पंपाला हुकूम देणारा थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅट एकवीस मागतो आहे आणि खोली नऊवर आहे, म्हणजे मागणी तर आहे. मिलच्या पद्धतींमध्ये जिला आपण अवशेष पद्धती म्हणून पाठ करतो ती हीच; वहिनीने मिल वाचलेला नाही, ही गोष्ट निराळी.

त्यानंतर दादाने हात लावून पाहिले. बॉयलरमधून बाहेर पडणारी नळी चटका बसेल इतकी गरम. परतीची नळी गार. म्हणजे प्रवासी गाडीत बसला आहे, गाडी मात्र आगारातून हललेलीच नाही. पंपाला कान लावला तर आवाज नाही. त्याने मल्टिमीटर काढून पंपाची तार सोडवली आणि टोकांवर मोजले. साडेबारा व्होल्ट, अगदी हवे तेवढे. इथे पुष्कळ लोक फसतात. वीज येते आहे आणि पंप फिरत नाही, तेव्हा पंप जळाला, असा निष्कर्ष काढून नव्या पंपाचे पैसे मोजायला तयार होतात. दादाने तार पुन्हा पंपाला जोडली आणि जोडलेली असतानाच मोजले. सात व्होल्ट.

हा फरक समजून घेण्यासारखा आहे. मल्टिमीटर जवळजवळ काहीच विद्युत्‌प्रवाह ओढत नाही. त्यामुळे वाटेत कुठे गंजलेला, केसाएवढा टिकून राहिलेला सांधा असला तरी त्याला पूर्ण दाब दिसतो. पंप मात्र प्रवाह मागतो, आणि मागताच तो अरुंद सांधा दाब स्वतःच गिळून बसतो. नळाच्या तोंडावर अंगठा दाबून धरला की नळीत पाण्याचा जोर भरपूर जाणवतो. अंगठा काढला की करंगळीएवढी धार. मुळाशी कुठेतरी कचरा अडकलेला असतो. तेव्हा विजेचे माप नेहमी यंत्र जोडून, काम करायला लावून घ्यावे. पंपाची दुसरी तार गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडली होती तिथे सात-आठ हिवाळ्यांच्या ओलीने हिरवट पूड धरली होती. ती खरवडून स्क्रू आवळताच पंप सुरू झाला. अर्ध्या तासात मुलीने पांघरूण फेकले. गाडी कोणत्या बनावटीची हे सांगण्याचे कारण नाही. दोष ओलीचा होता.

याच दोषाचे एक फसवे रूप आहे. दिवसा गाडी चालू असताना घर छान तापते, रात्री मुक्कामाला थांबल्यावर कुरकुर सुरू होते. माणसे म्हणतात, रात्री थंडी जास्त म्हणून. पण इंजिन चालू असताना जनित्र बॅटरीला चौदा व्होल्टच्या आसपास दाब देते. मुक्कामाला तोच बारा-साडेबारावर येतो आणि पहाटेपर्यंत आणखी उतरतो. साडेदहा-अकराच्या खाली गेला की बहुतेक बॉयलर स्वतःहून थांबतात. ऊब आणि व्होल्ट दोन्ही बरोबरच वरखाली होत असतील तर कारण व्होल्टशी बांधलेले आहे. ही सहचारी परिवर्तन पद्धती. संध्याकाळी झोपण्याआधी एक आणि पहाटे उठल्यावर एक, असे दोन आकडे वहीत लिहिले तरी पुरते.

बिघाडांत सर्वांत जास्त वेळा भेटणारा गुन्हेगार मात्र गंज नव्हे आणि वीजही नव्हे. तो म्हणजे नळीत अडकलेली हवा. पंपाच्या आतले फिरते पाते द्रवाला ढकलू शकते; हवा हाती लागली की ते नुसते गरगरते. हवा हलकी, म्हणून ती नळीच्या प्रत्येक उंच वळणावर जाऊन बसते: दारावरून नळी वर नेलेली असेल तिथे, न्हाणीघराच्या टॉवेल वाळवायच्या जाळीत, पलंगामागच्या कमानीत. लक्षणे ओळखायला सोपी आहेत. एक बाजू गरम, दुसरी गार. भिंतीमागे हुक्का ओढल्यासारखी गुडगुड. आणि तापमान वाढवले की आवाज वाढतो, ऊब वाढत नाही. नुकताच द्रव बदललेला असेल तर नव्वद टक्के संशय हवेवरच घ्यावा.

उंच जागी बारीक स्क्रू ठेवलेले असतात. पंप थांबवायचा, स्क्रू अर्धा वळसा सैल करायचा, फुस्स आवाज ऐकायचा, आणि बुडबुडे संपून सलग द्रव आला की आवळायचा. द्रव नुकताच तापलेला असेल तर थांबावे, कारण तो ऐंशी अंशांच्या घरात असतो. एवढ्याने न भागले तर मोटारघराला एक अशी सोय आहे जी पेशव्यांच्या वाड्यालाही नव्हती: संपूर्ण घर तिरपे करता येते. पुढची चाके ठोकळ्यांवर चढवायची, हवा पुढे गोळा होते, तिथला स्क्रू उघडायचा. मग उतरवून मागची चाके चढवायची. घर चालवत डोंगरावर नेऊन त्याचे पोट साफ करायचा हा प्रकार मला फार आवडतो. स्क्रू उघडताना शेजारी फडके आणि भांडे हवे, आणि नंतर वरच्या टाकीतली पातळी बघून द्रव पुन्हा भरायचा. पातळी नेहमी गार असताना बघावी. गरम द्रव फुगलेला असतो आणि खोटे सांगतो.

हवा काढल्यानंतर पहिल्या प्रवासात गाडीच्या हादऱ्यांनी उरलेसुरले बुडबुडे टाकीकडे येतात आणि पातळी थोडी उतरते. ती गळती नव्हे. पण रोज उतरत राहिली तर गळती समजावी आणि सांधे तपासावेत. जिथे रंगीत, चिकट कड धरलेली दिसेल तिथे बोट ठेवावे. बोट तोंडात घालू नये. या द्रवातला इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात विषारी असतो. लहान मुले आणि कुत्री-मांजरे त्या गोडीने फसतात, म्हणून सांडलेला थेंबही पुसून घ्यावा.

हा ग्लायकॉल घालतात तो द्रव गोठू नये म्हणून. इथे एक गंमत आहे. शुद्ध पाणी शून्य अंशाला गोठते. शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे तेराच्या आसपास गोठतो. आणि दोन्ही निम्मेनिम्मे मिसळले की मिश्रण उणे पस्तीसच्या आसपासपर्यंत पातळ राहते. दोघांपैकी एकालाही एकट्याने जमत नाही ते दोघे मिळून करतात, कारण प्रत्येकाचे रेणू दुसऱ्याला स्फटिक मांडू देत नाहीत. यावरून 'जास्त घातला तर आणखी चांगले' असे समजून कोणी घट्ट मिश्रण भरले तर ते निम्म्याच्या पुढे दाट होते, उष्णताही कमी वाहून नेते, आणि साठ-सत्तर टक्क्यांच्या पुढे तर उलट लवकर गोठू लागते. निम्म्या मिश्रणाची उष्णता धरण्याची शक्ती साध्या पाण्याच्या मानाने मुळातच पंचमांशाने कमी असते. म्हणून चाळीस ते पन्नास टक्के ही मर्यादा. शिवाय या द्रवात गंजरोधक औषधे असतात. ती कालांतराने संपतात. जुन्या प्रकारचा द्रव दोन वर्षांनी आणि नव्या प्रकारचा पाच वर्षांनी बदलावा असे सांगतात ते त्यासाठी. वेगवेगळ्या प्रकारचे दोन द्रव एकमेकांत ओतले तर कधीकधी त्यांचा लगदा होतो, आणि मग पंप, नळ्या, सगळेच तुंबते. हातात आलेली बाटली रंग जुळतो म्हणून ओतू नये. रंगाची खात्री देता येत नाही.

आता उलट प्रकार घेऊ. पंप चालू आहे, हवा नाही, पण द्रवच तापत नाही. इथे व्यतिरेक पद्धती कामाला येते: दोन प्रसंग असे घ्यायचे की ते एका बाबतीत सोडून सर्व बाबतींत सारखे असतील. सुदैवाने यंत्रानेच ती सोय करून ठेवली आहे. गॅस बंद करून विजेवर टाका. विजेवर घर तापले तर द्रव, पंप, नळ्या, रेडिएटर, थर्मोस्टॅट सगळे निर्दोष. दोष गॅसच्या बाजूला. विजेवरही तापले नाही तर गॅसवाल्याला बोलावण्यात अर्थ नाही. अट एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गारठलेला माणूस घाईघाईने बाटली बदलतो, फ्यूज बदलतो, तक्ता बंद करून पुन्हा चालू करतो. यंत्र सुरू होते आणि कशाने झाले ते कधीच कळत नाही. पुढच्या रात्री तो पुन्हा तिथेच.

विजेचे एक थोडक्यात. तीन किलोवॉटला २३० व्होल्टवर तेरा अँपिअर लागतात. युरोपातल्या कित्येक तळांवर खांबावर सहा किंवा दहा अँपिअरच मिळतात. 'इथली वीज सारखी जाते' ही तक्रार बहुधा हिशेबाची असते. एक किलोवॉटवर टाकले की ती जात नाही.

गॅसची गोष्ट अधिक रंजक आहे. बाटलीत गॅस द्रवरूपात असतो; तो उकळून वायू झाला तरच ज्योतीपर्यंत पोचतो. प्रोपेन उणे बेचाळीस अंशांना उकळतो, ब्यूटेन शून्याच्या जरासे खाली. म्हणजे उणे पाचाच्या रात्री बाहेरच्या कपाटातली ब्यूटेनची बाटली हलवली तर डचमळते, वजनाला भरलेली असते, आणि तरी बर्नरला काही मिळत नाही. ब्रिटनमध्ये निळ्या बाटलीत ब्यूटेन आणि लाल बाटलीत प्रोपेन विकतात; उन्हाळ्यात निळी घेऊन फिरलेले कुटुंब पहिल्या हिमाच्या रात्री अडकते ते इथे. मिश्र गॅस असेल तर दोष आणखी लपतो. प्रोपेन आधी उडून जातो, मागे ब्यूटेन उरतो. पहिले चार दिवस सुरळीत, पाचव्या रात्री अर्धी भरलेली बाटली मेलेली. सकाळी ऊन पडले की ती जिवंत होते, आणि दुरुस्तीवाला येतो तेव्हा सगळे ठीक. बिघाड फक्त पहाटे आणि फक्त गॅसवरच होत असेल तर आधी बाटलीवरचे नाव वाचावे.

ज्योत जळते आहे की नाही हे बाहेरून कसे ओळखायचे? नैयायिकांचा डोंगर आठवा. डोंगरावर धूर दिसतो, त्या अर्थी तिथे अग्नी आहे. आणि त्यांनीच बजावून ठेवले आहे की दुरून दिसणारी वाफ धूर समजू नका, अनुमान फसेल. मोटारघराच्या धुराड्यापाशी हे उदाहरण नेमके उलटे होते. गॅस नीट जळला की त्यातून पाण्याची वाफ निघते; कडाक्याच्या थंडीत ती धुराड्याच्या तोंडाशी पांढरी शुभ्र दिसते. तिथे वाफ हाच अग्नीचा खरा हेतू, आणि काळा धूर दिसला तर अग्नीच्या प्रकृतीची चौकशी करायची. वाफ दिसली तर ज्योत आहे. दिसली नाही आणि आतून टक्‌-टक्‌ ठिणगीचा आवाज येऊन थांबत असेल तर गॅस किंवा हवा पोचत नाही. धुराड्याच्या त्याच तोंडातून, बाहेरच्या नळीने, ज्योतीला लागणारी हवाही आत येते. रात्रभर पडलेल्या हिमाने ते तोंड बुजले की ज्योत गुदमरते. अशा वेळी दार उघडून, हातमोजे घालून, बर्फ झाडणे ही सगळी दुरुस्ती असते.

इथे मला जरा थांबावेसे वाटते, कारण आतापर्यंतचे दोष गारठवणारे होते, हा जीव घेणारा आहे. हवा अपुरी पडली की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गळला तर मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनच्या वासाने कळतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साठतो आणि गाडीच्या तळाला ठेवलेल्या भोकांतून निघून जातो. कार्बन मोनॉक्साइडची अशी कोणतीही चाहूल नाही. डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि थंडीत झोप येण्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. बॉयलरची ज्योत खोलीपासून बंदिस्त असते, म्हणून तो नीट असेल तोवर भय नाही. भय असते ते बॉयलर बंद पडल्यावर माणूस जे करतो त्याचे. ओट्यावरची शेगडी पेटवून ठेवतो, गार वारा येतो म्हणून तळाची आणि छताची भोके चिंध्यांनी बुजवतो, आणि निजतो. आपल्याकडे बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, कारण तेच. त्या वायूची चाहूल घेणारे छोटे यंत्र काही विशेष महाग नसते. ते नसेल तर शेगडीपेक्षा चार पांघरुणे बरी, आणि पांघरुणेही पुरेनाशी झाली तर गाडी सुरू करून वस्तीकडे जाणे बरे.

सर्वांत सोपा दोष सर्वांत उशिरा सापडतो. बॉयलर ठीक, पंप ठीक, रेडिएटर हात लावू नये इतका गरम. खोली मात्र गार. प्रवासी शेवटच्या स्थानकावर उतरला आणि फाटक बंद. बाकाच्या मागची फट पाहावी. तिथे उशा खोचलेल्या असतात, पलंगाखालच्या मोकळ्या जागेत सामानाच्या पिशव्या कोंबलेल्या असतात, खिडकीखालच्या जाळीवर ओले मोजे वाळत घातलेले असतात. गार हवेला खालून शिरायला आणि गरम हवेला वरून निघायला वाट नाही. थर्मोस्टॅटची गोष्टही अशीच. तो ओट्याजवळ बसवलेला असेल आणि कोणी तासभर रस्सा शिजवत असेल, तर त्याला सगळे जग ऊबदार वाटते आणि पलंगावरचा माणूस कुडकुडत राहतो. दोष यंत्रात शोधण्याआधी माणसाने काय कुठे ठेवले आहे ते पाहावे, असे एखाद्या इंजिनिअरला सांगितले तर तो हसेल, पण त्याच्या निम्म्या फेऱ्या वाचतील.

राहता राहिला एक प्रकार, ज्यात काही बिघडलेले नसतेच. दिवसभर उष्णता बंद ठेवून मंडळी बर्फावर जातात, संध्याकाळी परत येतात तो नळ कोरडा आणि गाडीखाली बर्फाचा चकचकीत गोळा. टाकी फुटली, असा आकांत होतो. पाणी गोठताना नऊ टक्क्यांनी फुगते आणि बॉयलरची टाकी खरोखरच फोडू शकते; म्हणून कित्येक गाड्यांत बॉयलरपाशी एक झडप बसवलेली असते, ती तीन अंशांच्या आसपास तापमान उतरले की आपोआप उघडते आणि सगळे पाणी खाली सोडून देते. तिने आपले काम केलेले असते. ग्लायकॉलचा द्रव वेगळा, तो जागच्या जागी असतो. आधी घर तापवायचे, झडपेभोवतीची हवा सात-आठ अंशांवर येऊ द्यायची, कारण त्याआधी ती हाताने दाबली तरी पुन्हा उघडते. मग ती बंद करायची आणि त्यानंतर टाकीत पाणी घ्यायचे. चहा तोवर बाटलीतल्या पाण्याचा करावा लागतो.